भांडण टीव्हीवरच्यांशी, घाव सुनेला

पत्र थोडक्यात असं: बडोद्यात तीन पिढ्या राहिलेलं मराठी कुटुंब. लिहिणाऱ्या ताई 61 वर्षांच्या, यजमान बँकेतून निवृत्त. थोरला मुलगा अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टनला, धाकटा इथेच. धाकटी सून गुजराती, शहरातल्या एका रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ. 2022 च्या मे महिन्यात ताई आणि यजमान ह्यूस्टनला गेले ते दिवाळीच्या तोंडावर परतले. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क देणारा 1973 चा जुना निकाल फिरवला आणि थोरल्याच्या घरी टीव्हीवर दिवसभर तीच चर्चा सुरू झाली. यजमानांना परंपरावादी बाजूचे वक्ते पटले. आजही सकाळच्या चहासोबत ते यूट्यूबवर त्यांनाच ऐकतात आणि आवडेल ते घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. गेल्या महिन्यात त्यांनी एक व्हिडिओ टाकला. मागे बासरी, पोटातलं बाळ आईशी बोलतंय, शेवटी पांढऱ्या कोटातली पाठमोरी आकृती आणि तिच्यावर लाल अक्षरांत 'खुनी'. सुनेने खाली लिहिलं, 'पप्पा, हे काम मी करते,' आणि ग्रुप सोडला. तेव्हापासून तिचं रविवारी जेवायला येणं बंद आहे. मुलगा एकटा येतो, जेवतो, तिचा डबा घेऊन जातो.

ताई लिहितात: 'ह्यांचं मत मला चुकीचं वाटत नाही. पोटातला जीव म्हणजे जीवच. धर्मातही तेच सांगितलंय. पण असं बोललं की बातम्यांत लगेच मागासलेलं ठरवतात. आणि हे काही सुनेला उद्देशून नव्हतं. एवढी शिकलेली मुलगी, तिने एवढं मनाला लावून घ्यायला नको होतं. रोज तेच करून तिला त्याचं काही वाटेनासं झालं असेल, असंही मनात येतं. मी दोघांच्या मध्ये काही बोलत नाही, उगाच आगीत तेल कशाला. उत्तरायण जवळ आलंय, दरवर्षी आम्ही सगळे पतंग उडवायला गच्चीवर असतो. तिची समजूत कशी घालू?'

ताई, नमस्कार.

समजुतीचं नंतर बघू. आधी मी तुमच्या यजमानांची बाजू घेते, कारण त्यांची तक्रार अगदीच हवेतली नाही.

अमेरिकेतली मोठी वृत्तपत्रं आणि वाहिन्या या विषयात एका बाजूला कलतात, असं तिथले परंपरावादी कित्येक वर्षं म्हणत आले आहेत. 1990 मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स' या दैनिकाच्याच डेव्हिड शॉ या माध्यम-समीक्षकाने मोठी लेखमाला लिहून तो कल खरा असल्याचं दाखवून दिलं. 2013 मध्ये फिलाडेल्फियात कर्मिट गॉस्नेल नावाच्या डॉक्टरवर खटला चालला. गर्भपात करताना जिवंत जन्मलेल्या तीन बाळांच्या खुनाबद्दल आणि एका बाईच्या मृत्यूबद्दल तो दोषी ठरला. एवढा भयंकर खटला, पण सुरुवातीला देशपातळीवरच्या बातमीदारांनी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. ही तक्रार परंपरावादी लेखकांनी लावून धरली, तेव्हा कुठे मोठ्या दैनिकांनी माणसं धाडली. तेव्हा 'आमचं कुणी ऐकून घेत नाही' या भावनेला तिथे कारण आहे. इथपर्यंत मी तुमच्या यजमानांबरोबर आहे.

पण एखाद्या बाजूवर अन्याय झाला म्हणून तिचा शब्द न् शब्द खरा ठरत नाही. आणि ज्या बाजूचं ते ऐकतात, ती बाजू तरी त्यांनी पुरती ऐकली आहे का? मला शंका आहे. आपण कशावर थांबतो हे यूट्यूबने एकदा ओळखलं की ते त्याच चालीची भजनं लावत बसतं.

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन म्हणजे तिथल्या परंपरावाद्यांचं दैवत. 1967 मध्ये ते कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना गर्भपाताला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही त्यांचीच होती. विरोधक ते पुढे झाले. सदर्न बॅप्टिस्ट हा तिथला मोठा प्रोटेस्टंट पंथ आज विरोधकांच्या पहिल्या रांगेत असतो. त्याच पंथाच्या अधिवेशनाने 1971 मध्ये ठराव केला होता की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, आईच्या शरीराला किंवा मनाला इजा, अशा कारणांसाठी कायद्याने गर्भपाताची मुभा असावी. 2022 च्या निकालातसुद्धा सगळे एका सुरात बोलले नाहीत. पंधरा आठवड्यांनंतर बंदी घालणारा मिसिसिपी राज्याचा कायदा सहा न्यायाधीशांनी उचलून धरला, पण 1973 चा निकाल पुरता मोडीत काढायला पाचच जण तयार झाले. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स परंपरावादीच, पण एवढ्या पुढे जायची गरज नव्हती असं त्यांनी लिहिलं. आणि तुम्ही ह्यूस्टनला होतात त्याच ऑगस्टमध्ये कॅन्ससमध्ये, परंपरावादी रिपब्लिकन पक्षाच्या पक्क्या राज्यात, मतदारांनी राज्याच्या घटनेतलं गर्भपाताचं संरक्षण काढून टाकायला साफ नकार दिला. हे सगळं यजमानांच्या कानावर आलं आहे का, एकदा सकाळच्या चहाला विचारा. खोचकपणे नको, खरंच विचारा. ज्यांना ते रोज ऐकतात, त्यांच्या घरातही या प्रश्नावर भांडणं आहेत हे कळलं तरी माणूस जरा सैल होतो.

त्या बाजूचा खरा वजनदार मुद्दा बासरीच्या व्हिडिओत येतच नाही. तो असा: घटनेत कुठे न लिहिलेला हक्क 1973 मध्ये सात न्यायाधीशांनी साऱ्या देशावर लादला. हा प्रश्न लोकांनी आणि त्यांच्या निवडून दिलेल्या प्रतिनिधींनी सोडवायचा होता. 2022 च्या निकालाने एवढंच केलं की प्रश्न राज्यांकडे परत पाठवला. गर्भपात म्हणजे खून, असं त्यात कोर्टाने ठरवलेलं नाही. या मुद्द्याला मी मान देते. गर्भपाताचा हक्क असावा असं मानणाऱ्या काही कायदेपंडितांनीसुद्धा 1973 च्या निकालातला तर्क लंगडा असल्याचं म्हटलेलं आहे.

आता हाच मुद्दा उचलून आपल्याकडे आणा. बसतच नाही. इथे कोर्टाने कुणावर काही लादलं नाही. इंग्रजांच्या 1860 च्या दंडसंहितेप्रमाणे आईचा जीव वाचवण्यासाठी सोडलं तर गर्भपात हा गुन्हा होता. लपूनछपून केलेल्या उपायांत बायका मरत होत्या. 1964 मध्ये शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, 1966 मध्ये तिने अहवाल दिला, 1971 मध्ये संसदेने कायदा केला. त्यातली गर्भपाताची मुदत वाढवणारी दुरुस्ती 2021 मध्ये झाली, ती मोदी सरकारच्या काळात. म्हणजे आपल्याकडचे उजवे आणि अमेरिकेतले उजवे या प्रश्नावर एका पंगतीला बसलेलेच नाहीत. तुमचे यजमान मत कुणाला देतात ते मला माहीत नाही आणि विचारतही नाही, पण बडोद्यात बसून टेक्सासच्या बाजूने लढताना आपण नक्की कुणाशी लढतोय, हा प्रश्न त्यांना पडायला हवा. समोर फक्त सून उभी आहे.

तुमची सून काय काम करते, तेही जरा बघू. आपल्या कायद्यात 'मागेल तिला, मागेल तेव्हा' असं नाही. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत लागतं, वीस ते चोवीस आठवड्यांत दोघांचं, आणि तेही ठरावीक स्त्रियांसाठी: बलात्कारपीडित, अल्पवयीन, गर्भारपणात विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, अपंग, गर्भात गंभीर व्यंग असलेली, अशा. चोवीस आठवड्यांपुढे गर्भातल्या मोठ्या व्यंगासाठी मेडिकल बोर्ड. 2022 च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चोवीस आठवड्यांपर्यंतच्या या सवलतीतून अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच कोर्टाने सव्वीस आठवड्यांची गरोदर असलेल्या, दोन मुलांची आई असलेल्या एका विवाहितेला परवानगी नाकारली. बाळ निरोगी होतं आणि मुदत उलटून गेली होती. त्या प्रकरणात दोन महिला न्यायाधीशांचं आपसात एकमत झालं नाही, म्हणून ते तिघांच्या पीठापुढे गेलं. अशा कोर्टाला आणि अशा कायद्याला 'जिवाची किंमत नाही' असं कसं म्हणायचं?

'रोज तेच करून तिला काही वाटेनासं झालं असेल' हे तुमचं वाक्य मला सगळ्यांत जास्त खटकलं. तुम्ही ते वाईट मनाने लिहिलेलं नाही, हे कळतं. पण तुम्ही तिला विचारलेलं नाही. तिच्यासारख्या डॉक्टरच्या दिवसातला एक प्रसंग सांगते. अठराव्या-एकोणिसाव्या आठवड्याची सोनोग्राफी. बाई टेबलावर, नवरा दाराशी, हातात फाइल आणि प्लास्टिकच्या पिशवीत पाण्याची बाटली. पडद्यावर बाळाचं हृदय धडधडताना दिसतंय, पण डोक्याची कवटी तयारच झालेली नाही. हे बाळ जन्मलं तरी जगणार नाही. डॉक्टर प्रोब त्याच जागेवरून पुन्हा फिरवते, जरा तिरका धरून आणखी एकदा, पोटावरचं जेल सुकत येतं, आणि मग 'बेन, जरा बेसो' म्हणून सांगायला सुरुवात करते. पुढे बाईने काय ठरवायचं ते बाई ठरवते, डॉक्टर कायदा बघून तिला साथ देते. असा दिवस संपवून घरी निघताना तिने फोन उघडला आणि सासऱ्यांनी पाठवलेला 'खुनी' वाचला. 'मनाला लावून घ्यायला नको होतं' हे आता तुम्ही तिच्यासमोर म्हणाल का?

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. आपोआप गर्भ पडला, पण पुरता पडला नाही, रक्त थांबत नाही, अशी बाई आली तरी गर्भाशय रिकामं करायची रीत तीच असते, गोळीसुद्धा बऱ्याचदा तीच. टेक्सासमध्ये सरसकट बंदी आल्यावर डॉक्टर अशा बाईला हात लावायला कचरू लागले, कारण निर्णय चुकीचा ठरला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा. शेवटी 2025 मध्ये तिथल्याच विधिमंडळाला, जिथे बहुमत परंपरावाद्यांचं आहे, आईच्या जिवाला धोका असेल तर डॉक्टरने काय करायचं हे स्पष्ट करणारा कायदा आणावा लागला. तुमच्या थोरल्याचं घर त्याच राज्यात आहे. यजमानांना तिथला कायदा आवडतो, तर त्याची ही बाजूही त्यांना ठाऊक असावी.

आणि पोटातल्या जिवाचीच काळजी असेल, तर गुजरातेत राहणाऱ्या माणसाने आधी कशाकडे बघावं? 2001 च्या जनगणनेत इथे सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 883 मुली होत्या. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा 1994 चा. प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा एक फॉर्म भरावा लागतो. त्यात कुठला रकाना चुकला तर डॉक्टरवर कारवाई होऊ शकते. तरी 'बेटा के बेटी, जरा इशारा करो ने' असं म्हणणारे सासरे दवाखान्यात येतात, आणि त्यांना दार दाखवायचं काम तुमच्या सुनेसारख्या डॉक्टर करतात. अमेरिकेतल्या वक्त्यांना हा प्रश्न क्वचितच सुचतो, कारण तो त्यांच्या अंगणातला नाही. आपल्या अंगणातला आहे.

धर्माचं म्हणाल तर तुमचं खरं आहे. भ्रूणहत्या आपल्या शास्त्रांत मोठं पातक मानलेली आहे. पण ते पातक आपल्या समाजाने कुणाच्या माथी मारलं, तोही इतिहास आपलाच आहे, आणि तो बडोद्यापासून फार लांबचा नाही. 1881 मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात बाळ मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती सौम्य झाली. त्या खटल्यावरून वर्तमानपत्रांत रणधुमाळी उठली. 'पुणे वैभव' या सनातनी पत्राने बायकांच्या बिघडलेल्या चालीवर कोरडे ओढले. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे चवताळून उठल्या आणि 1882 मध्ये त्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. त्यांचा रोख सरळ होता: विधवेचं लग्न होऊ द्यायचं नाही, तिला फसवणारा पुरुष उजळ माथ्याने फिरतो, आणि पाप सगळं तिचं? या विषयावरचं परंपरावादी भाष्य आणि त्याला सणसणीत उत्तर, दोन्ही मराठीत सव्वाशे वर्षांपेक्षा जुनं आहे. यजमानांना वादच घालायचा असेल तर आधी तो वाचावा. ह्यूस्टनहून आणायची गरज नाही.

त्याच्याही आधी, 1863 मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. कुणा विधवेचं पाऊल वाकडं पडलं असेल तर तिने गुपचूप इथे यावं, बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. पुढे अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, यशवंत. तो डॉक्टर झाला. पोटातला जीव वाचावा असं त्या दोघांनाही वाटत होतं. त्यासाठी त्यांनी आधी त्या बाईला निवारा दिला. परंपरावाद्यांना मी नेहमी हेच विचारते, इथल्या आणि तिथल्याही: तुमच्या मतात त्या बाईसाठी काय आहे? अमेरिकेत त्यांच्यातले काही जण अडचणीतल्या गरोदर बायकांसाठी केंद्रं चालवतात, बाळाचे कपडे, दुपटी, पैसे देतात. त्या केंद्रांवरही टीका होते, ती बाजूला ठेवू. निदान त्यांना प्रश्न कळला आहे. टीव्हीवर आरडाओरडा करणाऱ्यांना तो कळला आहे असं मला दिसत नाही.

माझं मत विचाराल तर, पोटातला जीव म्हणजे काहीच नाही असं मला म्हणवत नाही, आणि त्याच्यासाठी बाईला कायद्याने जखडून ठेवावं हेही पटत नाही. आपला कायदा या दोन्हींत एक ओबडधोबड तडजोड करतो. ती मला मान्य आहे. तुमचं मत माझ्यापेक्षा वेगळं असेल, असू दे.

आता तुमच्याकडे वळते. तुम्ही म्हणता मी मध्ये काही बोलत नाही. ताई, घरातली सासू गप्प बसली की सुनेला ते 'सासूबाईंचंही तेच मत' असं ऐकू येतं. आणि तुमच्या बाबतीत ते खरंही आहे, अर्धंमुर्धं. म्हणून गप्प राहू नका. तुमचं मत तुमच्या तोंडाने तिला सांगा आणि 'खुनी' या शब्दाबद्दल काय वाटतं तेही सांगा. दोन्ही एकाच मनात असू शकतात. तिला ते कळेल. स्त्रीरोगतज्ज्ञाला असल्या दुहेरी मनाच्या बायका रोज भेटतात.

तिला घरी बोलावू नका, तुम्ही तिच्याकडे जा. एकट्या. मुलगा कामावर असेल अशी वेळ बघा. यजमानांचा निरोप, त्यांची बाजू, त्यांचं वय, त्यांचं ब्लडप्रेशर, यातलं काही बरोबर नेऊ नका. एवढंच म्हणा: 'ग्रुपवर जे आलं ते मी वाचलं आणि मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. मला तुझ्या कामातलं फारसं कळत नाही. सांगावंसं वाटलं तर सांग.' मग ती जे बोलेल ते ऐका. रुग्णांच्या गोष्टी मात्र काढून घेऊ नका. गर्भपात झालेल्या स्त्रीचं नाव फोडणं हा कायद्याने गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ती घरीही काही सांगत नाही म्हणून तिला आतल्या गाठीची म्हणू नका. आणि 'उत्तरायणाला येणार ना?' हे त्या दिवशी विचारू नका. विचारलंत की तुम्ही पतंगासाठी आलात असं होईल.

यजमानांना मत बदलायला सांगू नका, ते बदलणार नाहीत आणि तो त्यांचा हक्क आहे. त्यांच्याकडून एकच गोष्ट मागा. त्या ग्रुपवर, जिथे तो व्हिडिओ टाकला तिथेच, त्यांनी लिहावं की 'गर्भपाताबद्दल माझं मत आहे ते आहे, पण आपल्या घरात डॉक्टर असताना मी तो शब्द पाठवायला नको होता.' खाजगीत फोनवर 'सॉरी बेटा' म्हणून भागणार नाही. अपमान वीस जणांसमोर झाला. 'तिला उद्देशून नव्हतं' असं ते म्हणतील. मग विचारा, त्या ग्रुपवर पांढरा कोट घालणारी दुसरी कोण आहे?

ते ऐकणार नाहीत, असंही होईल. मग तो व्हिडिओ ज्या ग्रुपवर आहे तिथे तुम्हीच चार ओळी लिहा, तुमच्या नावाने. चाळीस वर्षांच्या संसारात तुम्ही त्यांच्याविरुद्ध जाहीर काही लिहिलं नसेल. म्हणूनच त्या चार ओळी सुनेपर्यंत पोचतील, ती ग्रुपमध्ये नसली तरी. कुणीतरी स्क्रीनशॉट पाठवतंच.

असे व्हिडिओ आपापल्या ग्रुपवर टाकणाऱ्या बाकीच्यांनाही थोडं सांगायचं आहे. 2015 मध्ये भारतात सुमारे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले, असा अंदाज 'लॅन्सेट'च्या जागतिक आरोग्यावरच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिला होता, आणि त्यातले बहुतेक दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झालेले. हा आकडा आपल्या ग्रुपवर उतरवून बघा. वीस-पंचवीस जणांच्या ग्रुपमध्ये या वाटेने गेलेली एखादी काकू, आत्या, वहिनी असणार. ती कधी बोलणार नाही. पण उद्या तिच्या मुलीवर तशी वेळ आली, तर ती मुलगी ग्रुपवरचं 'खुनी' आठवून घरात सांगणार नाही, मेडिकलच्या दुकानातून गोळी आणून न्हाणीघरात घेईल. या गोळ्या डॉक्टरच्या देखरेखीत आणि नऊ आठवड्यांच्या आतच घ्यायच्या असतात. गर्भ नळीत राहिलेला असेल तर त्या काम करत नाहीत, आणि नळी फुटली तर जीव जातो. तुमचा फॉरवर्ड तिला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवतो, गर्भपातापासून नाही. आणि कुणा मुलीला हे आत्ता वाचताना धडकी भरली असेल तर तिने एवढं लक्षात ठेवावं: सज्ञान स्त्रीच्या बाबतीत फक्त तिची सही लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही.

यजमानांना या विषयाची तळमळ खरोखर असेल, आणि पत्रावरून ती असावी असं वाटतं, तर तिला कामाला लावा. निवृत्त बँकेच्या माणसाला हिशेब येतो, कागदपत्रं येतात. सोडून दिलेली बाळं सांभाळणाऱ्या शिशुगृहांना या दोन्हींची चणचण असते. मूल वाढवणं शक्य नसलेल्या आईला ते बालकल्याण समितीकडे सोपवता येतं, आणि नंतर विचार बदलला तर साठ दिवसांत परत घेता येतं. ही तरतूद किती जणींना माहीत आहे? हे गुजरातीत, मराठीत, सोप्या शब्दांत लिहून दवाखान्यांत लावायचं काम त्यांनी हाती घेतलं, तर कागद कुठे चिकटवायचा हे विचारायला त्यांना सुनेकडेच जावं लागेल. आधी ग्रुपवरचं ते वाक्य मात्र लिहायला हवं. त्याशिवाय हे काम घेऊन तिच्या दारात गेले तर तिला तो नवा व्हिडिओच वाटेल.

राहिला तुमचा धाकटा. त्याला निरोप्या करू नका. आईने सांगितलं ते बायकोला आणि बायकोने सांगितलं ते आईला, यात त्याचा रविवार जातो आणि दोन्हीकडचं अर्धंच पोचतं. पुढच्या रविवारी तो जेवायला आला की डबा भरून देऊ नका. मी स्वतः घेऊन येते म्हणावं.